कोयत्यापर्यंत पोचणारा रुपया



यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी ‘ग्राहकाची नीती’ हा विषय संयोजकांनी सुचवला, तेव्हा मी त्यांच्याकडे एक सवलत मागून घेतली. भाजी, कापड, वीज, मोबाइल अशा सगळ्याच खरेदीवर थोडे थोडे बोलण्याऐवजी मला एकाच वस्तूचा माग शेवटपर्यंत काढू द्या, आणि ती वस्तू साखर असू द्या. साखरेवर या महाराष्ट्रातली गावे उभी राहिली, शाळा-दवाखाने उभे राहिले, सरकारे आली आणि गेली. शिवाय ‘ही वस्तू कुणाच्या हातून आली’ हा प्रश्न ग्राहकांनी मोठ्या संख्येने विचारल्याची जी सर्वांत जुनी उदाहरणे आहेत, त्यांतले एक साखरेचेच आहे. सुरुवात तिथून करतो.

एप्रिल १७९१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्यम विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव फेटाळला. बाजूने ८८ मते पडली, विरोधात १६३. वेस्ट इंडीजमधल्या मळेवाल्यांचे हितसंबंध त्या सभागृहातच बसलेले होते. बाहेरच्या बहुसंख्य पुरुषांना मताचा अधिकार नव्हता आणि बायकांना तर नव्हताच. त्याच वर्षी विल्यम फॉक्स याने एक लहानसे पत्रक काढले. त्यात घरगुती हिशोब मांडला होता. आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचेल. आकडेमोड काटेकोर होती की नाही, यावर वाद घालता येईल. पण दूरच्या बेटावरचा अन्याय त्याने चहाच्या पेल्यापर्यंत आणून ठेवला. पत्रकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. गुलामीविरोधी प्रचारासाठी गावोगाव फिरणाऱ्या थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी साखर सोडली होती. घरात काय आणायचे हे बायका ठरवत. त्यामुळे ज्यांना पार्लमेंटमध्ये मत नव्हते, त्यांना वाण्याच्या दुकानात ते मिळाले.

तीस-पस्तीस वर्षांनी ही चळवळ पुन्हा पेटली ती एलिझाबेथ हेरिक या बाईंमुळे. पुरुष पुढारी ‘हळूहळू मुक्ती’ची भाषा बोलत असताना १८२४ मध्ये त्यांनी पत्रक लिहून तत्काळ मुक्तीची मागणी केली आणि लेस्टर गावात घरोघर फिरून लोकांना वेस्ट इंडीजची साखर सोडायला लावले. ज्यांना गोडाशिवाय जमत नव्हते त्यांच्यासाठी बाजारात पर्याय होता, ईस्ट इंडीजची म्हणजे आपल्याकडची साखर. त्या काळातली चिनी मातीची साखरदाणी आजही संग्रहालयात पाहायला मिळते. ही ईस्ट इंडीजची साखर आहे, गुलामांच्या हातची नव्हे, असा मजकूर सोनेरी अक्षरांत तिच्यावर लिहिलेला असे. पाहुणा आला की भांडे समोर ठेवायचे आणि त्यानेच बोलायचे.

या बायकांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. हेरिक १८३१ मध्ये वारल्या. १८३३ चा मुक्तीचा कायदा त्यांना पाहायला मिळाला नाही. पण त्या साखरदाणीपाशी थांबायला हवे, कारण पुढच्या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा घडलेली एक गोष्ट तिथे पहिल्यांदा दिसते. ‘गुलामांच्या हातची नव्हे’ हे कुणी तपासले होते? कंपनीच्या मुलखात गुलामगिरीचे कायदेशीर अस्तित्व संपवणारा कायदा आला तो १८४३ मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत ती भांडी विकली जात होती, त्या वर्षांत हिंदुस्थानातही माणूस माणसाच्या मालकीचा असू शकत होता. हा ऊस कुणी तोडला, त्याला काय मिळाले, हे विचारायला लेस्टरहून कुणी आले नव्हते. साखर कुठून आली याच्या पुढे चौकशी गेलीच नाही.

आणि कायदा झाल्यावर काय झाले? मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. मळ्यांना मजूर हवेच होते. १ ऑगस्ट १८३४ ला मुक्तीचा अंमल सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या २ नोव्हेंबरला ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज ३६ हिंदी मजुरांना घेऊन मॉरिशसला पोचले. करारावर अंगठा, ठरलेल्या वर्षांची चाकरी आणि काम तेच, उसाचे. पुढच्या काळात जवळपास पाच लाख माणसे या मार्गाने त्या एका बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली आणि घाटावरची माणसेही होती. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्यामागे ही उसाच्या मळ्यातली मराठी माणसे आहेत. अभिमानाने सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि तिच्या मुळाशी जे होते तेही विसरू नये.

आपल्याकडे खरेदीला नीतीशी जोडण्याची परंपरा फार जुनी आहे, म्हणून इथे दोन वाक्ये तिच्यासाठी. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि त्या लाटेत विदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. वस्तू कुठे झाली हा प्रश्न स्वदेशीने घराघरात नेला, हे तिचे मोठे काम. मात्र देशातल्या देशात ती कुणी केली आणि त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मागेच राहिला. स्वातंत्र्यानंतर तो विचारायची वेळ आली तेव्हा महाराष्ट्राने एक उत्तर शोधले, आणि ते जगाला दाखवण्यासारखे होते.

१९५० मध्ये नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी लोणीला शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी खेड्यापाड्यातून भागभांडवल गोळा केले आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पहिला अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला. खासगी कारखानदाराला कवडीमोलाने ऊस घालणारा शेतकरी स्वतः कारखान्याचा मालक झाला. त्या पैशातून रस्ते झाले, बंधारे झाले, मुलींसाठी शाळा झाल्या. आज ‘शाश्वत समुदाय’ असा शब्द परिषदांमध्ये ऐकू येतो. माझ्या पिढीने तो शब्द ऐकण्याच्या आधी अशा गावांत वाढलेली माणसे पाहिली आहेत. सहकारावर नंतर जी टीका झाली तिच्यातली बरीचशी मला मान्य आहे, पण हे मूळचे काम नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही.

मात्र या समुदायाला एक वेस होती. ऊस लावणारा आत होता, तोडणारा बाहेर. तोडणारा त्या गावचा नव्हताच. तो बीडचा होता, पाथर्डी-जामखेडचा होता, जालना-परभणीचा होता. पाऊस कमी, जमीन हलकी, दसरा झाला की घराला कुलूप लावून निघायचे आणि परतायचे ते पाडव्याच्या आगेमागे. अशी आठ ते दहा लाख माणसे दर हंगामाला हलतात असा अंदाज सांगितला जातो. ती कारखान्याची सभासद नाहीत. कागदोपत्री ती कारखान्याची कामगारही नाहीत, कारण कारखान्याचा करार तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराशी असतो, ठेकेदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा तोंडी व्यवहार नवऱ्याशी.

या व्यवहारातल्या गोष्टी शहरातल्या श्रोत्यांसाठी जरा सावकाश सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. पावसाच्या तोंडावर मुकादम कोयत्यामागे उचल देतो, पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे. ती मुलीच्या लग्नात जाते, दवाखान्यात जाते, मागचे कर्ज फेडण्यात जाते. मग हंगामभर राबून ती फेडायची. दर टनावर. तोडणी दराचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. त्यात दरात ३४ टक्के वाढ मिळाली आणि दर टनाला साडेतीनशेच्या थोडा पुढे गेला. दोघांनी पहाटे अंधारात फडात शिरून दिवसभर तोडले, पाचट काढले, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून फळीवर चढून गाडी भरली, तर दोन टनांच्या आसपास ऊस होतो. म्हणजे दोन माणसांच्या बारा-चौदा तासांचे सातशे-साडेसातशे रुपये. वाढे विकून थोडे येतात. आजारपणाने एक दिवस बुडाला तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे उलट कापले जातात. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. वेठबिगारी रद्द करणारा १९७६ चा कायदा ज्या परिस्थितीचे वर्णन करतो, तिच्यापासून हे किती दूर आहे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

उचल नवऱ्याच्या हातात पडते. बाईचे नाव कुठेच नसते. तिची मजुरी वेगळी मोजली जात नाही, कारण ती कोयत्याचा अर्धा भाग आहे. आणि काम मात्र अर्ध्याहून जास्त तिचे. फडावरून परतल्यावर कोपीत, म्हणजे हंगामापुरत्या झोपडीत, चूल तीच पेटवते, पाणी तीच आणते, पोर तीच सांभाळते. रात्री गाडी आली की भरायला तिलाच उठावे लागते. कोपीला दार नसते, जवळ संडास नसतो, अंघोळीला आडोसा नसतो. पाळी असो, पोट दुखत असो, खाडा परवडत नाही. अंगावरून जाण्याचे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढायचे आणि शेवटी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेले की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढण्याचा सल्ला मिळायचा. २०१९ मध्ये या प्रश्नावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींत एक. त्यांतल्या कित्येक ऐन तारुण्यातल्या होत्या. वर्तमानपत्रांनी ‘मुकादमांनी पिशव्या काढायला लावल्या’ असे मथळे दिले. वास्तव त्याहून जास्त गुंतागुंतीचे आणि म्हणून जास्त भयंकर आहे. जबरदस्ती करायला तिथे कुणी उभे राहावेच लागत नव्हते. पाणी नाही, आडोसा नाही, सरकारी दवाखाना लांब आणि खाड्याचा धाक, एवढ्यावर ते काम होत होते.

हे सगळे ऐकून मनात येते की कायदा कुठे आहे. साखर धंद्यात कायदा भरपूर आहे, आणि तोच मला दाखवायचा आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्या, नाहीतर १५ टक्के व्याज द्या. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, दरवर्षी केंद्र सरकार जाहीर करते. तो थकला तर आंदोलने होतात, साखर आयुक्त जप्तीचे आदेश काढतात. २०१८ पासून कारखान्यालाही संरक्षण आहे. साखरेला किमान विक्री दर ठरवून दिला आहे, २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये झाला. शेतकऱ्याला तळ आहे, कारखान्याला तळ आहे. तोडणाऱ्याच्या पायाखाली असा तळ नाही. त्याचा दर संप आणि लवाद यांतून ठरतो, आणि तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्या दरातूनच वजा होत असल्यामुळे शेतकरी आणि तोडकरी या दोन्ही कष्टकऱ्यांना समोरासमोर उभे केले जाते. सरकारने काहीच केले नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण इतक्या सगळ्या चर्चेत ग्राहक कुठेच नाही. साखर खाणारा त्या दालनात बसलेलाच नाही.

आता फॉक्सने केला तसा एक हिशोब मी तुमच्यासमोर मांडतो. एक टन उसातून साधारण शंभर किलोच्या वर साखर निघते. टनाचा तोडणी दर साडेतीनशेच्या थोडा वर. म्हणजे एक किलो साखरेत तोडणाऱ्या जोडप्याचा वाटा साडेतीन रुपयांच्या आसपास. मळी, बगॅस, इथेनॉल, वीज यांचे उत्पन्न मी यात धरलेले नाही. ते धरले तर साखरेवरचा हा भार आणखी कमी होईल. बाजारात साखर किलोला चाळीस-पंचेचाळीस रुपयांनी मिळते. उद्या हा दर दुप्पट केला आणि सगळा बोजा तुमच्या-माझ्यावर टाकला, तरी किलोला साडेतीन रुपये वाढतील. महिन्याला चार किलो साखर लागणाऱ्या घराला चौदा रुपये.

या सभागृहात असे एकही घर नसेल जे चौदा रुपये द्यायला नाही म्हणेल. मग अडते कुठे? अडते ते असे, की तुम्ही आज दुकानात जाऊन वाण्याच्या हातावर चौदा रुपये जास्त ठेवले, तर ते त्या बाईपर्यंत पोचण्याची वाटच अस्तित्वात नाही. वाणी, घाऊक व्यापारी, कारखाना, ठेकेदार, मुकादम, नवरा, एवढ्या हातांतून ते जायचे आहेत आणि त्यांतला एकही हात ते पुढे देण्याला बांधलेला नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. ग्राहकाच्या चांगुलपणाची आपल्याकडे टंचाई नाही. तो चांगुलपणा शेवटच्या हातापर्यंत नेणारी वाट बांधणे हे ग्राहकाचे खरे काम आहे, आणि ते एकट्याने पिशवी घेऊन करता येत नाही.

म्हणून साखर सोडून सेंद्रिय गूळ घेतल्याने आपण सुटलो असे ज्यांना वाटते, त्यांना मी नम्रपणे थांबवतो. सेंद्रिय हा शिक्का मातीबद्दल बोलतो आणि मातीबद्दल बोलायलाच हवे. उसाने पाणी ओढल्यावर काय होते ते २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तेव्हा आपण पाहिले. पण गुऱ्हाळाचा ऊसही माणूसच तोडतो. त्याच्या दराबद्दल, कोपीबद्दल, उचलीबद्दल त्या सुंदर कागदी पिशवीवर काहीही लिहिलेले नसते.

हा आंधळेपणा आपलाच आहे असेही नाही. नेदरलँड्समध्ये १९८८ मध्ये ‘माक्स हावेलार’ या नावाने मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीला शिक्का मिळाला आणि तिथून फेअरट्रेडची जागतिक चळवळ वाढली. तिने किमान दर दिला, वर गावकामासाठी वेगळी रक्कम दिली, सहकारी संस्थांना बळ दिले. प्रवरेच्या काठावरच्या माणसाला ते सगळे ओळखीचे वाटेल. आणि पुढचेही ओळखीचे वाटेल. २०१४ मध्ये लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजच्या अभ्यासकांनी इथिओपिया आणि युगांडातल्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. फेअरट्रेड शिक्का असलेल्या भागातही शेतावर रोजाने राबणाऱ्या मजुरांची, विशेषतः बायकांची स्थिती सुधारलेली दिसली नाही. काही ठिकाणी मजुरी इतर मळ्यांहून कमी होती. शिक्का शेतकऱ्यासाठी होता आणि मजूर वेशीबाहेर राहिला होता.

मग वाट बांधता येते का? येते, कारण एका ठिकाणी ती बांधलेली आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात इमोकाली नावाचे गाव आहे. आसपासच्या मळ्यांत टोमॅटो तोडणारे मजूर मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती इथून आलेले. मजुरी बादलीवर, बादली ३२ पौंडांची. मुकादमी तिथेही होती, मारहाण होती, बायकांचा छळ होता, माणसांना डांबून ठेवल्याचे खटलेही झाले. १९९३ पासून हे मजूर संघटित होऊ लागले. मळेवाल्यांशी लढून फार हाती लागेना, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की मळेवालाही कुणाला तरी बांधील आहे. टोमॅटो विकत घेणाऱ्या मोठ्या साखळ्या त्याचा भाव पाडतात, आणि त्या साखळ्या ग्राहकाला घाबरतात. २००१ मध्ये त्यांनी टॅको बेल या खाद्यसाखळीवर बहिष्काराची हाक दिली. विद्यापीठांतल्या मुलांनी आपापल्या आवारातली तिची दुकाने हलवायला लावली. चार वर्षांनी, २००५ मध्ये, कंपनी राजी झाली. मग मॅकडॉनल्ड्स, मग बर्गर किंग, आणि २०१४ मध्ये वॉलमार्ट.

त्यांनी काय मागितले ते बारकाईने ऐका. पौंडामागे एक सेंट जास्त. आपल्या साडेतीन रुपयांसारखीच क्षुल्लक रक्कम. पण ती कंपनीच्या सदिच्छेवर सोडली नाही, करारात बांधली. कंपनी तो सेंट मळेवाल्याला देते आणि मजुराच्या पगारपत्रकात त्याची वेगळी नोंद होते, म्हणजे वाटेत कुणी गिळू शकत नाही. काम सुरू झाल्याची वेळ नोंदवायची, उन्हात सावली द्यायची, हक्क समजावून सांगणारे वर्ग कामाच्या वेळातच आणि मजुरांनीच घ्यायचे. तक्रारीसाठी रात्रंदिवस चालू असलेला फोन, आणि ती तपासायला स्वतंत्र संस्था. वेठबिगारी किंवा लैंगिक अत्याचार सापडला आणि मळेवाल्याने तो निस्तरला नाही, तर करारातल्या सगळ्या कंपन्यांनी त्याचा माल घेणे थांबवायचे. सगळे बळ या शेवटच्या कलमात आहे. ग्राहकांनी तिथे टोमॅटो कायमचा सोडला नाही. त्यांनी आपल्या वतीने घाऊक खरेदी करणाऱ्याला मजुराशी बांधून घेतले.

महाराष्ट्रात हे कुठे लागू पडते? देशात विकल्या जाणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक घरात येतच नाही. ती शीतपेये, बिस्किटे, मिठाई, आइस्क्रीम, औषधे करणाऱ्यांकडे जाते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांच्या शोधवृत्ताने बीडच्या या बायकांचा प्रश्न आपल्याकडून साखर घेणाऱ्या बड्या शीतपेय कंपन्यांच्या दारापर्यंत नेला. अशा कंपन्यांच्या स्वतःच्या आचारसंहिता असतात, त्यांत सक्तीच्या श्रमाला मनाई असते. पण त्या कागदाला इमोकालीसारखे दात नाहीत, कारण तो मजुरांशी केलेला करार नाही.

शिवाय आपल्याकडे घाऊक खरेदीदार फक्त कंपन्याच नाहीत. प्रसादाचे लाडू करणारी देवस्थाने आहेत. वसतिगृहे, दवाखाने, तुरुंग, आश्रमशाळा आहेत, रेशनवरची अंत्योदयाची साखर आहे. हे सगळे निविदा काढून साखर घेतात आणि निविदेत अट घालता येते. आणि ग्राहकांची संघटना म्हणाल तर ती आपल्या मातीत आहेच. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे बी पेरले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. हजारो कुटुंबे पन्नास वर्षांच्या आसपास हे करत आली आहेत, आणि त्यांच्या हिशोबाच्या वह्या मुख्यतः बायकांनी सांभाळल्या आहेत. वजन आणि भेसळ यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या या यंत्रणेला आणखी एक प्रश्न विचारणे अशक्य नाही.

अटी कोणत्या, तर त्या नव्याने शोधायची गरज नाही. ऊसतोड बायका आणि त्यांच्यात काम करणारे महिला किसान अधिकार मंचासारखे गट त्या वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. कारखान्याने आपल्या हद्दीत तोडणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवावी, बाईची वेगळी. मजुरी दोघांच्या खात्यांत वेगवेगळी जमा व्हावी. उचल आणि तिची फेड लेखी असावी आणि तिची प्रत तोडणाऱ्याकडे असावी. खाड्याचा दंड बंद व्हावा. मुक्कामाच्या तळावर पाणी, संडास, दिवा आणि आठवड्याला आरोग्य तपासणी असावी. तोडकऱ्यांच्या मुलांसाठीची साखरशाळा हंगामाच्या पहिल्या दिवशी उघडावी. मी यात एकच भर घालीन. किलोमागचा जो जादा रुपया ग्राहक देईल, तो कारखान्याच्या हिशोबात वेगळ्या ओळीत दिसावा आणि ती ओळ तोडकऱ्यांच्या प्रतिनिधीने तपासावी.

माझ्या तरुण मित्रांकडून एक आक्षेप नेहमी येतो की यापेक्षा साखरेवर सरळ बहिष्कार का नको. हेरिकबाईंचा आदर करूनही मी तो सुचवणार नाही. आपण साखर बंद केली तर पहिला खाडा पडेल तो पाथर्डीच्या कोयत्याला, आणि कारखान्याला हार्वेस्टर घ्यायला आणखी एक कारण मिळेल. यंत्रे तशीही येत आहेत. ती येऊ नयेत असे मी म्हणणार नाही, डोक्यावर मोळी घेऊन रात्री फळीवर चढण्याचे काम कुणाच्याच लेकीने करू नये. पण यंत्राला अनुदान मिळते आणि यंत्राने विस्थापित झालेल्या बाईला मिळत नाही, हेही खरेदीदाराने विचारायच्या प्रश्नांत असले पाहिजे. दुसरा आक्षेप येतो तो शेतकऱ्यांकडून, की अखेर हा बोजा आमच्याच दरातून कापला जाईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ती रक्कम ग्राहकाकडून, वेगळ्या ओळीत आणि उसाच्या दराला हात न लावता यायला हवी. शेतकरी आणि तोडकरी यांच्यात भांडण लावून मिळवलेला न्याय दोन हंगामही टिकणार नाही.

संयोजकांनी मला शेवटी विचारले होते की श्रोत्यांनी उद्या नेमके काय करावे. एक काम सांगतो. आपापल्या गृहनिर्माण संस्थेतून, ग्राहक गटातून, ज्या देवस्थानाला आपण देणगी देतो त्याच्या विश्वस्तांकडून एक पत्र लिहवून घ्या. आपण कोणत्या कारखान्याची साखर घेतो हे पुरवठादाराला विचारा, पोत्यावर ते नाव असते. त्या कारखान्याच्या अध्यक्षांना आणि कार्यकारी संचालकांना वरच्या अटींवर लेखी उत्तर मागा, आणि आम्ही किलोमागे जास्त द्यायला तयार आहोत हे आकड्यासह लिहा. हे पत्र दिवाळीच्या खरेदीच्या वेळी पाठवू नका. तोपर्यंत गाड्या निघालेल्या असतात, कोप्या पडलेल्या असतात आणि वर्षभराचे सगळे ठरून गेलेले असते. मुकादम उचल वाटायला लागतो तो पावसाच्या तोंडावर, आणि कारखान्याचे तोडणी-वाहतुकीचे करारही त्याच सुमारास होतात. पत्र मे महिन्याच्या अखेरीस कारखान्याच्या टेबलावर असले पाहिजे.